मुष्टिफंडावर उभे राहिलेले बोर्डिंग

दिवाळी तोंडावर आली की कासुर्डी-यवतच्या रस्त्याला ऊसतोडीच्या टोळ्या दिसू लागतात. बीड-नगरकडची माणसे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधलेला संसार आणि त्या संसारावर बसलेली पोरे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत या पोरांची शाळा बंदच. यंदाच्या अंकासाठी ‘बोर्डिंग’ हा विषय घेतला तो त्यांच्याकडे बघून.

दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी आपल्या शेजारी, केडगावात आसरा दिला, हे तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. गरिबाच्या मुलांसाठी बोर्डिंग कसे चालवावे, हे बघायला मात्र साताऱ्यालाच जावे लागते.

साताऱ्याचे ते बोर्डिंग काढणारे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकायला होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या, म्हणजे अस्पृश्य मुलांसाठीच्या वसतिगृहाच्या, समारंभाला ते गेले. परत आल्यावर ‘आंघोळ करून आत ये’ म्हटले, तर ऐकेनात. बोर्डिंग सुटले. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली होती. त्यांचे ऋण मोठेच. पण ती बहुतेक एकेका समाजाची होती. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीला बसवले. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. त्या काळी लोक खवळायचे ते एकत्र शिकण्यावरून कमी आणि एकत्र जेवण्यावरून जास्त. म्हणून आम्हाला वाटते, त्या बोर्डिंगातला अवघड वर्ग स्वयंपाकघरातच भरत होता.

तो वर्ग भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी चालवला. कुंभोजच्या सनातनी वळणात वाढलेली ही बाई महार-मांगांच्या पोरांना आपल्या हाताने वाढू लागली. अंगावरचे दागिने एकेक करून धान्याच्या पोत्यांत गेले. एकदा भाऊराव गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही आणि पोरे भुकेली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. १९३०मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचे घोंगडे नि काठी ठळक दिसते. आमच्या मते त्या मंगळसूत्राचा मान तेवढाच मोठा आहे.

धर्मादाय म्हटले की कुणा शेठजीची थैली डोळ्यांपुढे येते. येथे होता मुष्टिफंड. दळण करताना बायकांनी मूठभर ज्वारी बाजूला काढायची आणि ती बोर्डिंगाला जायची. ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत, त्याचीही मूठ त्यात असे. मुलेही फुकट खात नव्हती. स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम सारे तीच करत. पुढे ‘कमवा आणि शिका’ म्हणून जे नावाजले गेले, ते आधी असे गरजेतून आले. १९४८मध्ये सरकारने अनुदान थांबवले तेव्हा संस्था तगली, ती या मुठींच्या सवयीवर. आता देणगीआधी फरशीवर नाव किती मोठे कोरणार, हे विचारले जाते!

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१मध्ये आणली. चांगलेच झाले. पण आज आपल्या बांधावरच्या कोपीत जे पोर आहे, त्याला सरकारी इमारतीची वाट बघायला लावू नये. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला त्याचा प्रवेश वर्षाच्या मध्येही नाकारता येत नाही. दाखला नसला तरी नाही. तेव्हा ऊस तुमचा असो वा शेजाऱ्याचा, दिवाळीची सुट्टी संपून जिल्हा परिषदेची शाळा उघडेल त्या दिवशी टोळीतल्या पोरांना हाताला धरून तिथे घेऊन जा. मुकादमाशी बोलायची वेळ आली तर तेही तुम्हीच बोला.