सुरत सव्वा तासावर?

पुतणीचे लग्न सुरतेत, उधना भागातल्या एका मराठी घरात ठरले, तेव्हा आमच्या काणकोणच्या घरी एका नातेवाइकाने संगणकावर पाहून सांगितले, "लांब कसले? विमानाने सव्वा तास!" वहिनीचा जीव भांड्यात पडला. माझा राग आहे तो त्या आकड्यावर.

वाचकहो, हा आकडा निघतो कसा? दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरून त्यांतले कमीत कमी अंतर काढायचे, ताशी आठशे किलोमीटरने भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा. झाले! सुरत ते दाबोळी सुमारे ६४५ किलोमीटर, सुरत ते मोपा सुमारे ६०५. म्हणजे जानेवारी २०२३मध्ये मोपाहून विमाने उडू लागली आणि सुरत चाळीस किलोमीटर जवळ आली! कोणाला? मोपाला. काणकोणच्या माणसाला आता मोपाच शंभरेक किलोमीटर. अडीच तास रस्ता, दोन तास आधी हजेरी, तिकडे सामान आणि उधन्यापर्यंतची रहदारी... सव्वा तासाचे सात तास होतात. आणि २०१४ साली सुरतेच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या वेगात असलेल्या विमानाने म्हैस उडवली होती, ती म्हैस कुठल्या सूत्रात बसवणार?

गणित चोख आहे. खोटे आहे ते त्याला प्रवास म्हणणे. १९८७पर्यंत दमण आपल्याच संघप्रदेशात होते, सुरतेच्या थोडे अलीकडे. तिथे बदली झालेल्या गोमंतकीय कारकुनाला "दमण किती लांब?" विचारले, तर तो आधी मुंबई, मग वापी, मग दमण असे टप्पे मोजून दाखवी. सरळ रेषेत तो कधी गेलाच नव्हता. आज विमानतळ कुठे हवा यावर तावातावाने भाषणे ठोकणारेही हवेतलीच मिनिटे मोजतात. असो.

गेल्या पावसाळ्यात थोरले बंधू पहाटे वारले. पुतणीला कळवले. थेट विमानात जागा नव्हती, मुंबईला उतरून दुसरे विमान धरणे आले. संध्याकाळपर्यंत थांबलो, मग पावसाचे आणि अंधाराचे कारण पुढे आले. चितेला अग्नी दिला तेव्हा ती मुंबईच्या विमानतळावर बसून होती. अंगणात कुणीतरी बोललेच, "सव्वा तासाची वाट, आणि बापाचे तोंड पाहायला पोचली नाही!"

बोलणारा तोच, लग्नाच्या वेळी आकडा वाचणारा.

रात्री अकराला ती उंबऱ्यावर आली. ते वाक्य तिच्या कानावर कुणी घातले नाही, अशी आशा आहे. सुरत किती लांब असे आता मला कुणी विचारले तर सांगतो, विमान मिळाले तर पहाटे निघून दुपारच्या जेवणाला, नाही मिळाले तर मडगावहून गाडीत एक रात्र.