हिज की हर?

सिरसाळ्यात आपल्या बऱ्याच घरांत दखनी आणि बाजारात, शेतात मराठी चालते. तिसरी इंग्रजी आली की मुले 'सलीम अँड हर मदर' असे लिहितात. 'घरी उर्दू बोलता ना, म्हणून', असे म्हणून विषय संपवला जातो. मला ते अर्धेच पटते.

दखनीत 'उसका भाई' म्हटल्यावर भाऊ सलीमचा की सलमाचा, हे कळत नाही. 'का' आला तो भावामुळे. 'उसकी अम्मी' म्हणताना 'की' अम्मीमुळे. मूल तोच हिशेब इंग्रजीत लावते: आई बाई, म्हणून 'हर'. इंग्रजी मात्र आई कोणाची एवढेच बघते.

पण याच मुलाला मराठी येते की! 'त्याची आई', 'तिचा भाऊ'. पुढचा 'त्या' किंवा 'ति' माणूस सांगतो, मागचा 'ची' किंवा 'चा' नाते. मागचे झाकले की उरले ते 'हिज' आणि 'हर'. अडचण फक्त आदराची. अब्बांची टोपीही 'त्यांची' आणि अम्मींची ओढणीही 'त्यांची'. इंग्रजीला हा अदब ठाऊक नाही, तेवढे वेगळे सांगावे लागते.

खटकते ते दुसरेच. काही पालक इंग्रजी शाळेत घालताना म्हणतात, मराठी 'उनकी जबान', तिचे काय काम? बाजारात दिवसभर जी बोलतो ती 'उनकी' कशी? मुलाला लिहिण्याआधी एकदा विचारून बघा: 'त्याची की तिची?' उत्तर चुकत नाही.