वर्षाचा हिशोब आणि पाच अतिचार

दिवाळीच्या अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष मोजले जाऊ लागले. म्हणूनच जैन व्यापारी घरांत दिवाळीचा दिवस हा निर्वाणकल्याणकाचाही असतो आणि चोपडापूजनाचाही. वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने श्रींची शिखरासारखी चढती रचना मांडली जाते. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य लाभावे अशी प्रार्थना तेथे लिहिली जाते. कायद्याचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. परंतु व्यापाऱ्याच्या मनातील वर्ष आजही दिवाळीलाच बदलते.

पेढीवर बसणाऱ्याला या दिवशी मागे वळून पाहणे तुलनेने सोपे जाते. माल किती आला, किती गेला, उधारी कोठे अडकली, शिल्लक काय राहिली, हे पूर्वी मुनीमजी सांगत, आता संगणक सांगतो. परंतु व्यापारी घरांतील पुढची पिढी पेढीवरच बसते असे नाही. कोणी छायाचित्रकार होतो, कोणी भाषांतर करतो, कोणी डिझायनर म्हणून नोकरी न पत्करता स्वतंत्रपणे कामे घेतो. अशा व्यक्तीकडे गोदाम नसते, तराजू नसतो, गादी नसते. मग तिचे वर्ष कशाने मोजायचे?

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या एका ओसवाल कुटुंबातील कन्येपुढे यंदा हा प्रश्न उभा राहिला. सहा वर्षांपूर्वी तिने जाहिरात संस्थेतील नोकरी सोडली आणि घरातील एका खोलीत स्वतःचे काम सुरू केले. बोधचिन्हे, मसाल्यांची आणि सुक्या मेव्याची वेष्टने, पुस्तकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका असा तिचा व्यवसाय. नातेवाइकांत मात्र "ती कॉम्प्युटरवर चित्रं काढते" एवढीच त्याची ओळख. यंदा एका कंपनीकडून तिला नोकरीचे बोलावणे आले. वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते : "पगार निदान ठरल्या तारखेला येईल. नाहीतर सरळ आपल्या पेढीवर ये." तिने दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि सहा वर्षांत प्रथमच वर्षाचा पुरा ताळेबंद मांडायला घेतला.

आकडे लवकर निघाले. वर्षभरात एकूण 31 कामे. त्यांपैकी 18 कामांचे पैसे ठरल्या वेळी मिळाले, 8 कामांचे बऱ्याच तगाद्यानंतर मिळाले, 2 कामांचे येणे अजून बाकी, आणि 3 कामे विनामूल्य. विनामूल्य कामांतले एक पाठशाळेच्या बालपुस्तिकेचे होते. ते तिने आपणहून, सेवा म्हणून केले होते. उरलेली दोन नात्यातली होती : एक लग्नपत्रिका आणि एक दुकानाची पाटी. तेथे मोबदल्याचा विषय कोणी काढलाच नाही. दान हे देणाऱ्याने ठरवायचे असते. घेणाऱ्याने गृहीत धरले की ते दान उरत नाही. वहीत या तिन्ही कामांपुढे शून्यच होते, पण पहिले शून्य आणि पुढची दोन शून्ये सारखी नव्हती.

येथेच तिच्या ध्यानात आले की, जमा-नावे मांडून प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. व्यवसाय चालतो की नाही, हे आकडे सांगतील. तो कसा चालला, हे सांगणार नाहीत. त्यासाठी तिने वेगळे पान उघडले आणि त्यावर पाच मथळे लिहिले. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार लहानपणापासून प्रतिक्रमणात तिच्या कानांवरून जात होते. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते सांगितले आहेत. तराजू, मापे आणि नाणी यांच्या काळातील ही यादी संगणकावर चालणाऱ्या व्यवसायाला लागू पडेल का, हे तिला पाहायचे होते.

पहिला अतिचार स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे. वर्षभरात तीन ग्राहकांनी तिला एखाद्या नामांकित कंपनीच्या पुड्याचे छायाचित्र पाठवून सांगितले होते, "अगदी असंच करा, फक्त नाव आमचं टाका." तिने तिघांनाही नकार दिला. दोघे दुसरीकडे गेले. तिसऱ्याने नाराजीने का होईना, तिचे ऐकून घेतले. तेव्हा त्याच्याच घरच्या कपाटातून आजोबांच्या काळातील एक जुने लेबल निघाले आणि नवे वेष्टन त्यावरून उभे राहिले. चोरी करणारा हात डिझायनरचा असला, तरी सांगणारे तोंड ग्राहकाचे असते. अतिचारांच्या यादीत या सांगण्याला पहिले स्थान आहे.

दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे. डिझायनरचा कच्चा माल म्हणजे अक्षरे, छायाचित्रे आणि सॉफ्टवेअर. देवनागरीचा एक टंक घडवताना मुळाक्षरांबरोबर शेकडो जोडाक्षरे हाताळावी लागतात; त्यामागे अनेक महिन्यांचे श्रम असतात. तरीही विनापरवाना टंकांची देवाणघेवाण सर्रास चालते. यंदा तिने दोन टंकांचे परवाने विकत घेतले आणि उरलेल्या कामांत मुक्त परवान्याचे टंक वापरले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेले मुक्ता आणि बलू हे टंक असे कोणालाही विनामूल्य वापरता येतात. परवान्यांची रक्कम तिने खर्चात लिहिली आणि पुढे नोंद केली : कच्चा माल.

तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने तिला जीएसटीची नोंदणी बंधनकारक नव्हती. तरीही "बिल नको, रोख घ्या" असा आग्रह दोनदा झाला आणि दोन्ही वेळा तिने बिल दिले. दुसरी बाब अधिक बोचणारी होती. एका ग्राहकाने तिच्या बिलातून टीडीएस कापला होता. पण फॉर्म 26एएस पाहताना ती रक्कम सरकारजमा झालेलीच नाही, असे तिला आढळले. कापलेला पैसा तिचा होता. तो ना तिच्याकडे आला, ना सरकारकडे गेला.

चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त मोजणे. भुसार मालाच्या घरात वाढलेल्या मुलीला हा अतिचार समजावून सांगावा लागत नाही. बोधचिन्हाचे दोन पर्याय आणि दोन दुरुस्त्या असे ठरलेले असताना एका कामात अकरा दुरुस्त्या झाल्या. प्रत्येक वेळी "एवढंच शेवटचं" असे शब्द होते. ठरलेल्या दरात पोत्यामागे पाच किलो धान्य फुकट मागावे, तसाच हा प्रकार. परंतु हाच मथळा तिला स्वतःकडेही वळवावा लागला. एका पत्रिकेसाठी तिने आधीच्या कामातील तयार नक्षी वापरली होती आणि दर मात्र नव्या कामाचा लावला होता. ग्राहकाला ते कधी कळले नसते. तिने त्या कुटुंबाला फोन करून वस्तुस्थिती सांगितली आणि फरकाची रक्कम परत केली.

पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून देणे. तुपात चरबी मिसळणे हे त्याचे जुने उदाहरण. आज यंत्र काही क्षणांत चित्र काढून देते. ते वापरणे हा अतिचार नव्हे. ते स्वतःच्या हाताचे म्हणून विकणे, हा आहे. तिने यंदा ठरवले की, जेथे यंत्राचे चित्र वापरले असेल, तेथे बिलावर तसे लिहायचे.

पान भरत आले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. पाचही मथळ्यांखाली दोन बाजू होत्या : काम करणाऱ्याची आणि काम करवून घेणाऱ्याची. आणि करवून घेणाऱ्यांत बहुतेक जण तिच्याच समाजातील व्यापारी होते.

व्यापारी आणि चित्रकार यांचा संबंध जैन समाजाला नवा नाही. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या श्रावकांनी पैसे खर्चून लिहवून घेतल्या आणि पोथ्यांच्या शेवटी कितीतरी वेळा लेखकाचे नावही नोंदवले गेले. चातुर्मासासाठी आचार्यांना निमंत्रण देणारी विज्ञप्तिपत्रे ही आजच्या निमंत्रणपत्रिकांची पूर्वज. आग्र्याच्या संघाने 1610 मध्ये विजयसेन सूरींना पाठवलेले विज्ञप्तिपत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगवले. चारशे वर्षांनंतरही त्याचे नाव ज्ञात आहे, कारण ते त्या पटावरच नोंदलेले आहे. आज चातुर्मासाचे फलक कोणी घडवले, हे पुष्कळदा छापखान्यालाही ठाऊक नसते.

कायदाही या नात्याकडे व्यवहार म्हणूनच पाहतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आले, तेव्हा 2023-24 च्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस बाजारपेठांत मोठी चर्चा झाली होती. त्या वेळी सर्वांच्या डोळ्यांपुढे माल पुरवणारे कारखानदार होते. पण सेवा पुरवणारी एकटी डिझायनरही उद्यम नोंदणी करून त्याच संरक्षणात येते, हे फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. तसेच पगारी नोकर नसलेल्या डिझायनरने घडवलेल्या बोधचिन्हाचा स्वामित्वहक्क केवळ बिल चुकते केल्याने व्यापाऱ्याकडे जात नाही. 1957 च्या कायद्यानुसार त्यासाठी लेखी हस्तांतर लागते. ज्या चिन्हावर पेढी उद्या पिढ्यान्‌पिढ्या उभी राहायची, त्याचा कागद नसणे व्यापाऱ्याच्याच तोट्याचे असते.

धनत्रयोदशीला तिने वही वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती व्यापाऱ्याच्या नजरेने, पानापानावर बोट ठेवत वाचली. मग म्हणाले, "काम चोख आहे. वसुली कच्ची आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला आम्ही यार्डात उधार देतो का? निम्मी रक्कम आधी घेत जा." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण बेटा, एवढ्याशा रकमा लोक थकवतात कशाला?"

तिने उत्तर दिले नाही. पेढीच्या नव्या पिशव्यांचे डिझाइन कोणी केले होते आणि त्याचे पैसे केव्हा दिले गेले, एवढेच विचारले. वडिलांनी मुनीमजींना फोन लावला. बिल श्रावणापासून तसेच पडून होते. कोणी ते नाकारले नव्हते, त्यावर वादही नव्हता. रक्कम इतकी लहान होती की, कोणाच्या लक्षातच राहिली नव्हती. ज्या तरुणाने ते काम केले, त्याच्यासाठी मात्र ते कदाचित एका महिन्याचे घरभाडे असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढी उघडताच पहिली रक्कम त्याच्या खात्यावर गेली आणि उशिराबद्दल क्षमा मागणारा फोन वडिलांनी स्वतः केला.

नोकरीचे बोलावणे तिने नम्रपणे नाकारले. मात्र काही गोष्टी बदलल्या. उद्यम नोंदणी झाली. कामाच्या अटी, दुरुस्त्यांची संख्या आणि हक्कांचे हस्तांतर आता एका पानाच्या करारात लिहिले जाते. बाकी राहिलेल्या दोन बिलांपैकी एक नात्यातलेच आहे. त्याची आठवण देण्याचे काम वडिलांनी आपल्याकडे घेतले आहे. अमावास्येला पूजेच्या पाटावर पेढीच्या वह्यांशेजारी तिची वही ठेवली गेली आणि तिच्याही पहिल्या पानावर श्री लिहिले गेले.

संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम्‌ची पत्रिका घरोघर जाते. ती देखणी असावी म्हणून कोणीतरी रात्री जागून तिची अक्षरे जुळवलेली असतात. लाभपंचमीला नवे व्यवहार सुरू होतील, त्यापूर्वी प्रत्येक पेढीने आपल्या वहीतील लहान रकमा एकदा पाहाव्यात. लग्नपत्रिका, पिशव्या, पाटी, वेष्टन यांतील कोणाचे बिल अजून बाकी आहे का, हे शोधायला अर्धा तासही लागणार नाही. आणि घरातील मुलगा किंवा मुलगी असे स्वतंत्र काम करीत असेल, तर "नोकरी कधी करणार?" या प्रश्नाऐवजी "वसुली कशी चालली आहे?" असे विचारावे. व्यापारी घरात धंद्याला दिलेला तोच खरा मान आहे.