फोनची सुरक्षा : कोणापासून आणि कोणासाठी?

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात 'मॅन्शन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवासांची दाटी आहे. पार्थसारथी मंदिर, वालाजा मशीद आणि मरिना किनारा यांच्या आसपासच्या गल्ल्यांतील या इमारतींत बाहेरगावचे तरुण एकेका खोलीत दोघे-तिघे मिळून राहतात. दुकानांतले नोकर, कारकून, परीक्षार्थी आणि अलीकडे दुचाकीवरून घरोघर जेवण पोचविणारे असे हे लोक आहेत. प्रत्येकाजवळ फोन आहे. बहुतेकांजवळ एकच आहे. हजेरी त्यावर, पगार त्यावर, गावी पाठवायचे पैसे त्यावर, कर्ज त्यावर आणि संघटनेच्या सभेची सूचनाही त्यावरच. मालक, सावकार, पोलीस आणि आप्तस्वकीय हे सारे एकाच खिशात येऊन बसले आहेत. खासगीपणाला वाहिलेल्या फोनप्रणालीची चर्चा करावयाची तर ती या खिशापासून सुरू केली पाहिजे.

याच शहरात, आयआयटी मद्रासच्या आश्रयाने वाढलेल्या एका खासगी कंपनीने 'भारओएस' ही प्रणाली तयार केली. २४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव आणि धर्मेंद्र प्रधान यांच्या हस्ते तिच्या चाचणीचा समारंभ झाला आणि वृत्तपत्रांतून स्वदेशीचा जयघोष झाला. अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर उभारलेल्या या प्रणालीची दोन वैशिष्ट्ये सांगण्यात आली. फोनमध्ये आधीपासून कोणतेही ॲप लादलेले नसेल, हे पहिले. ज्या संस्थेच्या हाती फोन असेल तिने पारखून घेतलेली ॲप्स त्या संस्थेच्याच खासगी भांडारातून मिळतील, हे दुसरे. पहिल्या गोष्टीचे स्वागत केले पाहिजे. दुसरी मात्र निमूटपणे गिळण्यासारखी नाही. लष्करी कचेरीच्या फोनवर काय असावे हे कचेरीने ठरविणे समजू शकते. पण हीच रचना एखाद्या कंत्राटदाराच्या हाती पडली की 'विश्वासार्ह' ॲपची यादी मालकाची होते आणि कामगाराचा फोन कारखान्याच्या फाटकासारखा होतो, आत काय न्यावे आणि बाहेर काय आणावे हे पहारेकरी ठरवितो. देशी पहारेकरी आणि परदेशी पहारेकरी यांत कामगाराच्या दृष्टीने फरक किती, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारला नाही.

ज्याला तंत्रज्ञ 'प्रोफाइल' म्हणतात ती वस्तू वाटते तितकी गूढ नाही. फोनमध्ये शेकडो कळी असतात : अमुक ॲपला ठिकाण कळावे की नाही, तमुक ॲपला इंटरनेट मिळावे की नाही, कुलूप किती वेळाने पडावे, तारेने जोडलेल्या यंत्राला आत शिरू द्यावे की नाही. एवढ्या कळी कोणी एकेक करून फिरवीत बसत नाही. म्हणून प्रणाली रचणारे त्यांचे गठ्ठे बांधतात आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव देतात. या शब्दाचा दुसरा अर्थही आहे. एकाच फोनमध्ये दोन-तीन स्वतंत्र दालने करता येतात. प्रत्येकाची ॲप्स निराळी, मजकूर निराळा आणि तो मजकूर कुलूपबंद करणारी किल्लीही निराळी. कोणता गठ्ठा आधीपासून बांधलेला असावा आणि कोणते दालन कोणाच्या ताब्यात असावे, हे ठरविण्यातच प्रणालीचे सारे राजकारण सामावलेले असते.

हे मक्तेदार भांडवलाला फार पूर्वी कळले आहे. जे आधी ठरविलेले असते तेच बहुसंख्यांच्या वाट्याला येते, हे ओळखूनच गुगलने फोन उत्पादकांवर आपली ॲप्स आधीपासून भरण्याची सक्ती केली. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी तिच्यावर १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच व्यवहारासाठी. मार्च २०२३ मध्ये अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड मात्र कायम राहिला. मोदी सरकारनेही हा धडा तत्परतेने गिरविला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीपासून घालण्याचा हुकूम काढला. देशभर विरोध उसळला तेव्हा ३ डिसेंबरला तो मागे घ्यावा लागला.

खासगीपणाच्या प्रणाली रचताना हल्ली सर्रास 'साधी', 'मध्यम' आणि 'कडक' अशा तीन पायऱ्या केल्या जातात. दिसायला ही सोय आहे, परंतु तिच्या मुळाशी एक भाबडी समजूत दडलेली आहे. ती अशी की धोका हा ताप मोजल्यासारखा कमी-जास्त असतो आणि ज्याला जास्त भीती वाटते त्याने वरची पायरी घ्यावी. वस्तुस्थिती तशी नाही. धोक्याला माप नसते, चेहरा असतो. सावकाराला भिणाऱ्याला एक बंदोबस्त लागतो, मुकादमाला भिणाऱ्याला दुसरा, अटकेची शक्यता असलेल्या कार्यकर्त्याला तिसरा. आणि ज्या सुनेचा फोन घरातले पुरुष रोज तपासतात तिला कडक कुलूप लावल्याने उलट मारच बसण्याचा संभव असतो. तिला हवे असते ते नजरेस न पडणारे दालन. अँड्रॉइडने २०२४ मध्ये तसे गुप्त दालन आणले. त्यास इतका उशीर का लागला, याचे उत्तर प्रणाली रचणाऱ्यांच्या खोलीत कोण बसलेले असते यात शोधावे लागेल.

सावकाराचेच पाहावे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी २०२० च्या सुमारास जो हैदोस घातला त्यात कर्जाची रक्कम सहसा काही हजारांची असे. वसुलीचे हत्यार होते ऋणकोच्या फोनमधील नावांची यादी. हप्ता चुकला की बहिणीला, वर्गमित्राला, गावच्या शिक्षकाला फोन जात आणि अब्रूचा लिलाव होई. अनेकांनी जीव दिला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲप्सना ही यादी वाचण्यास मनाई केली. नियम योग्य होता, परंतु जी ॲप्स मुळातच बेकायदा आहेत ती नियम कशाला जुमानतील? येथे प्रणालीची रचना कायद्याच्या मदतीला येऊ शकते. 'ग्राफीनओएस' या प्रणालीत अशी तजवीज आहे की ॲपने यादी मागितली तर यादी मिळाल्याचा त्याचा समज होतो, प्रत्यक्षात मात्र फोनधारकाने निवडलेली तेवढीच नावे, किंवा एकही नाव नाही, त्याच्या हाती पडते. हे महत्त्वाचे आहे. कारण नकार दिला तर ॲप कर्जच देत नाही आणि गरजू माणूस नकार देऊ शकत नाही. ज्याच्या पाठीशी गरज उभी आहे त्याची 'संमती' ही संमती नव्हे, हे मजुरीच्या कराराबाबत आपली चळवळ शंभर वर्षे सांगत आली आहे. असली तजवीज 'कडक' गठ्ठ्यात दडवून न ठेवता सर्वांना आरंभापासून मिळाली पाहिजे.

मालकाच्या बाबतीत प्रश्न अधिक सरळ आहे. अँड्रॉइडमध्ये 'वर्क प्रोफाइल' नावाचे दालन आहे. कामगाराच्या स्वतःच्या फोनवर मालकाची ॲप्स त्यात राहतात, त्यांना पलीकडची छायाचित्रे व संदेश दिसत नाहीत आणि काम सुटले की ते दालन बंद करता येते. मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी ही सोय निघाली. घरोघर माल पोचविणाऱ्यास मात्र कंपनीचे ॲप आपल्या फोनच्या ऐन माजघरात घ्यावे लागते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, त्या लढ्याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे. कामाचे साधन मालकाने द्यावे, ते धड असावे आणि ते कामगाराच्या भाषेत असावे, एवढीच त्यांची मागणी होती. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठिकाण सांगणारी घड्याळे बांधली तेव्हा तर प्रोफाइलचा प्रश्नच उरला नाही, कारण घड्याळात कामगाराची स्वतःची अशी एकही कळ नव्हती.

राहिली राज्यसंस्था. तिरुवल्लिकेणीला पाळत नवी नाही. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने मद्रासमध्ये मे दिन साजरा झाला, तेव्हा दोन सभांपैकी एक तिरुवल्लिकेणीच्या वाळूवर झाली. पुढच्याच वर्षी कानपूर कटाच्या खटल्यात त्यांचे नाव गोवण्यात आले. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांच्यावर प्रत्यक्ष खटला चालला नाही, परंतु डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार-चार वर्षांची सजा झाली. पुराव्याचा मोठा भाग काय होता? डाकेतून चोरून उघडलेली, छायाचित्रे काढून पुन्हा बंद करून पुढे धाडलेली पत्रे. ब्रिटिशांनी १८८५ च्या तार कायद्याने संदेश अडविण्याचा जो अधिकार घेतला तो २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नव्या कपड्यांत कायम आहे. आता तर पत्र उघडण्यावर भागत नाही. एल्गार परिषद प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये फायली बाहेरून पेरण्यात आल्या होत्या, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल या तपासणी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला.

म्हणून कार्यकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये कुलपाइतकीच तपासणीची गरज आहे : फोन सुरू होताना प्रणालीत कोणी ढवळाढवळ केली आहे काय, हे तिने स्वतः पाहिले पाहिजे. ग्राफीनओएसमध्ये कुलूपबंद फोन १८ तास तसाच पडून राहिला तर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि किल्ल्या स्मृतीतून पुसल्या जातात. जप्त फोनासाठी याचे मोल मोठे आहे. याच प्रणालीत असाही एक संकेतांक ठेवता येतो की तो टाकताच सारा मजकूर नष्ट व्हावा. काही उत्साही मंडळींना ही क्रांतिकारक सोय वाटते. आपल्या देशात मात्र अशा कृतीवरून पुरावा नष्ट केल्याचा दुसरा गुन्हा कार्यकर्त्याच्या डोक्यावर बसेल. ही कळ कोणत्याही तयार गठ्ठ्यात आधीपासून चालू असता कामा नये. जपून ठेवण्याजोगे नाही ते फोनमध्ये साठवूच नये, ही जुनी शिस्त येथे अधिक उपयोगाची आहे.

या साऱ्यावर एक कडवट मर्यादा आहे. गुगलच्या पाळतीतून सुटका देणारी ग्राफीनओएस अनेक वर्षे केवळ गुगलच्याच पिक्सेल फोनांवर चालत आली आणि त्यांची किंमत मॅन्शनमधल्या तरुणाच्या आवाक्याबाहेरची आहे. स्वस्त फोनांना सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन-तीन वर्षांनी मिळेनाशा होतात. स्वतंत्र दालनांची सोय अनेक उत्पादक काढूनच टाकतात. त्यातून कोणी पर्यायी प्रणाली बसविली, तर कित्येक बँकांची ॲप्स गुगलचे प्रमाणपत्र नाही म्हणून उघडत नाहीत. भारतीय बँकेत भारतीय माणसाचे पैसे, आणि ते काढण्यासाठी प्रमाणपत्र अमेरिकी कंपनीचे!

तेव्हा खासगीपणा ही ज्याने-त्याने बाजारातून विकत घ्यावयाची वस्तू आहे, हा समज प्रथम टाकला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्याला मूलभूत हक्क ठरविले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवून तो पोकळ केला. या कायद्यातील त्या कलमाविरुद्धचा लढा आणि कारखान्यातील, वसाहतीतील मागणीपत्र यांची सांगड कामगार संघटनांना घालावी लागेल. मालकाला ॲप हवे असेल तर फोन मालकाने द्यावा. स्वतःच्या फोनवर घ्यावेच लागले तर ते वेगळ्या दालनात असावे आणि पाळी संपताच ते बंद करण्याची कळ कामगाराच्या हाती असावी. सार्वजनिक बँकांनी परदेशी प्रमाणपत्राची अट काढावी. सार्वजनिक आश्रयाने तयार झालेल्या प्रणालीचा मूळ कोड जनतेसमोर ठेवावा. चेन्नईच्याच सी-डॅकने 'बॉस' ही मुक्त प्रणाली २००७ मध्ये आणली होती आणि केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर लाखो मुलांपर्यंत नेले, तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. भारओएसच्या रचनाकारांना पुढचा गठ्ठा बांधावयाचा असेल, तर मंत्र्यांच्या टेबलावरून उठून त्यांनी तिरुवल्लिकेणीच्या एखाद्या मॅन्शनचा जिना चढावा आणि तेथे कोणाचा फोन कोण तपासतो हे विचारून घ्यावे.