सिंकखालचे वळण

हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये घर बांधताना ओट्यावर, टाइल्सवर भरपूर खर्च होतो आणि सिंकखालचा लवचिक पाइप भिंतीच्या भोकात नुसता खुपसला जातो. मग नालीचा वास आणि झुरळे वर येतात. सोसते ती स्वयंपाक करणारी. भगिनींनो, तिथे प्लास्टिकचा पी-ट्रॅप बसवून घ्या. त्याच्या वळणात थांबलेले सुमारे ५० मिलिमीटर पाणीच वास अडवते. पुढच्या आडव्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार हवा. नट हातानेच आवळावेत. पान्याने जोर केला तर तडकतात. बादलीभर पाणी सोडून प्रत्येक जोड प्लंबरसमोरच तपासा.

मटणाची चरबी सिंकमध्ये ओतू नका, ती आत गोठते. बिर्याणीच्या तांदळाचे उकळते पाणीही आधी निवू द्या. त्याने पाइप मऊ पडतो. उन्हाळ्यात गावाहून परतलात की वळणातले पाणी आटलेले असते. आधी तांब्याभर पाणी ओता.