‘ओशिन’ जगभर पोचली. कोकणची मालिका का नाही?

रत्नागिरी - भाताच्या एका पोत्याच्या मोबदल्यात सात वर्षांच्या मुलीला परक्या घरी राबायला पाठविले जाते. ‘ओशिन’ या जपानी मालिकेचे कथानक येथून सुरू होते. ‘एनएचके’ या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात ती सकाळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या २९७ भागांत दाखविली गेली. जपानमध्ये तिला सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक लाभले आणि पुढे ती साठहून अधिक देशांत पोचली. इराणमध्ये जुन्या कपड्यांच्या बाजाराला नायिकेच्या सासरच्या आडनावावरून ‘तानाकुरा’ हा शब्द रूढ झाला.

या यशामागे ‘जपान फाउंडेशन’ने विकसनशील देशांना केलेले साह्य होते, हे खरे. तथापि, साह्यामुळे मालिका दाखविता येते. ती घराघरांत आपली वाटावी, हे लेखणीचे काम असते. लेखिका सुगाको हाशिदा यांनी यामागाता प्रांतातील बर्फ, कुळांचे दारिद्र्य आणि तेथील बोली यांना परदेशी प्रेक्षकांसाठी मुरड घातली नाही. पोटासाठी घर सोडणे कोणत्याही देशाला समजावून सांगावे लागत नाही.

जपानी मालिकांचे दुसरे बलस्थान म्हणजे त्यांचा आटोपशीरपणा. तेथील बहुतेक मालिका तिमाहीत दहा-अकरा भागांत संपतात. त्यामुळे शेवट ठरवूनच लेखन सुरू करता येते. मध्यरात्री उघडणाऱ्या खानावळीची ‘मिडनाइट डायनर’ (२००९) एका भागात एक पदार्थ आणि एका गिऱ्हाइकाची कहाणी सांगते. २०१६ मध्ये ‘नेटफ्लिक्स’ने तिचे पुढील भाग जगापुढे आणले. ‘मदर’ (२०१०) या मालिकेची तुर्की आवृत्ती २०१६ मध्ये निघाली.

मात्र केवळ चांगली कथा पुरेशी नसते, याचा धडाही जपाननेच दिला आहे. देशातील बाजारपेठ मोठी असल्याने तेथील वाहिन्यांना निर्यातीची निकड भासली नाही. कलावंतांच्या हक्कांचे गुंते सुटले नाहीत आणि इंटरनेटवरील प्रसारणाला उशीर झाला. या काळात दक्षिण कोरियाने आघाडी घेतली. २००३ मध्ये ‘विंटर सोनाटा’ या कोरियन मालिकेने खुद्द जपानी प्रेक्षकांना वेड लावले.

रत्नागिरीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. हा जिल्हा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगणारा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गावाकडच्या असंख्य चुलींना त्याची झळ बसली. दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये ‘ओशिन’ घराघरांत पाहिली जात होती. संपाची मुंबईतील बाजू नाटक-चित्रपटांतून आली. परंतु मनीऑर्डरची वाट पाहणारी कोकणातील स्त्री मालिकेची नायिका अभावानेच झाली.

बोलीचा अडसर हे त्याचे कारण नव्हे. सावंतवाडीजवळील आकेरी येथे चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या मालिकेतील मालवणी वळणाचे संवाद महाराष्ट्रभर गाजले. कोकणाला भुताखेतांपुरते मर्यादित केल्याची टीकाही तिच्यावर झाली. अडसर आहे तो दैनंदिन मालिकांच्या गणिताचा. ‘टीआरपी’ आहे तोवर कथा ताणायची आणि तो घसरला की गुंडाळायची, या रिवाजात शेवट लेखकाच्या हाती राहत नाही. दूरदर्शनवरील तेरा भागांच्या मालिकांनी एके काळी ही मर्यादा सांभाळली होती.

आज प्रसारणासाठी उपग्रह वाहिनीवरच विसंबावे लागत नाही. मोजके भाग, आधी ठरलेला शेवट, उत्तम उपशीर्षके आणि हक्कांचे स्पष्ट करार एवढी तयारी निर्मात्यांनी केली, तर मराठी मालिकेलाही परदेशी प्रेक्षक मिळू शकेल. अन्यथा मनीऑर्डरवर संसार ओढलेल्या स्त्रियांची पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी तिच्याबरोबरच जातील.