धाकटी थोरली होते तेव्हा

देवासच्या जुन्या मराठी घरांतून 'थोरली पाती' आणि 'धाकटी पाती' हे शब्द अजून ऐकू येतात. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांची ही दोन संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. तिथे थोरले थोरलेच राहिले. काही घरांत मात्र आठ वर्षांची धाकटी गुपचूप थोरली होऊन बसते, कारण तिचा दादा स्वमग्न असतो.

अशी एक मुलगी मला धारला एका लग्नात दिसली. पंगतीत दादाच्या पानातली कोशिंबीर ती भाताला लागू देत नव्हती. बँड सुरू होताच, कोणी न सांगता, ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. 'किती शहाणी गं!' बायका म्हणाल्या, आईही सुखावली. मला ते शहाणपण जरा खटकले.

अशा भावंडांवर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. निष्कर्ष एकसारखे नाहीत. बरीच मुले छान वाढतात, समंजस होतात. काहींच्या मनात मात्र चिंता घर करते, आणि ती रडूनच दिसते असे नाही. शाळेच्या वेळी पोट दुखते, मैत्रिणींना घरी बोलावणे थांबते, नाहीतर मूल इतके गुणी होते की त्याच्याकडे लक्ष द्यायची गरजच वाटत नाही. आपण नेमकी त्यालाच शाबासकी देतो! हट्ट करणारी धाकटी दिसली की मला तरी हायसे वाटते.

दादाला काय आहे ते मुलांना नाव घेऊन सांगावे. त्याला मोठा आवाज सोसत नाही, तो तुझ्यावर रागावलेला नाही, एवढे पुरते. सांगितले नाही तर मुले स्वतःच कारण शोधतात, आणि कित्येकदा दोष स्वतःकडे घेतात. अमेरिकेत डॉन मेयर यांनी अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले. तिथे मुले खेळतात, खातात आणि भावंडाविषयी मोकळेपणाने कुरकुरतातही. आपल्या गणेशोत्सवात अशी एक दुपार ठेवायला काय हरकत आहे?

आणि 'आमच्यामागे दादाला तूच' हे त्या पोरीसमोर बोलू नये. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, कलेक्टर त्या समितीत असतात. बहीणही पालक होऊ शकते, पण ते तिने मोठी झाल्यावर ठरवायचे. आज तिचे गणित अडले असेल, तर दादाला आजीजवळ सोपवून अर्धा तास तिच्यापाशी बसा.